शेजारच्या नावाचे पेले

मला राग लवकर येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण या हकिकतीत मी तीन-चार माणसांवर रागावले आहे आणि त्यातल्या निदान दोघांची काहीच चूक नव्हती. त्यातली एक माझी आई.

आम्ही वारज्याला राहायचो आणि माझी नोकरी खराडीला होती. म्हणजे रोज पुण्याच्या या टोकाहून त्या टोकाला स्कूटीवरून जायचं आणि संध्याकाळी तेवढंच परत यायचं. बाबा विदर्भातून तरुणपणी इकडे आले, पिंपरीच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं राबले. मग नवे वारे आले, नवी यंत्रं आली आणि कंपनीने जुन्या कामगारांपुढे ऐच्छिक निवृत्तीचा कागद ठेवला. त्यात ऐच्छिक काय होतं, हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही. हाती आलेल्या पैशात त्यांनी वारज्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि माझा कर्वेनगरचा कॉम्प्युटरचा कोर्स पुरा केला. बाबांना घरी बसवणाऱ्या त्याच नव्या वाऱ्यांनी मला नोकरी दिली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. "हिच्या स्वभावाला साजेसं काम मिळालं," असं बाबा सगळ्यांना सांगायचे.

तिसऱ्या वर्षी, सकाळी ऑफिसला पोचता पोचता, एका नव्या इमारतीसमोर रस्त्यावर सांडलेल्या वाळूवरून माझी स्कूटी घसरली. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. माझ्या मात्र खुब्याच्या हाडाची मान मोडली. ऑपरेशन झालं, आत स्क्रू बसले. तेवढं कंपनीच्या विम्यात भागलं. पुढे कंपनीने सुंदर पुष्पगुच्छ पाठवला आणि करार संपला म्हणून कळवलं.

त्यानंतरचे चौदा महिने मी कसे काढले, हे मी अभिमानाने सांगते. आधी पलंग, मग वॉकर, मग दोन कुबड्या. पलंगापासून गॅलरीपर्यंत सतरा पावलं होती आणि पहिल्यांदा ती सतरा पावलं टाकली तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या नाहीत की डोळ्यांना पदर लावला नाही. ती म्हणाली, "आता परत ये." मी परत आले. कुबड्या दोनाच्या एक झाल्या. जुन्या टीममधल्या बाई फोनवर म्हणाल्या, नवीन प्रोजेक्ट येतोय, स्वतःच्या पायांनी येऊन नऊ तास बसू शकत असशील तर जागा तुझी. मी दिवस मोजायला लागले.

आणि मग कंबरेतून कळ सुरू झाली. एका कुबडीच्या पुन्हा दोन झाल्या. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ धरूनच ठेवला. आतल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटला होता, हाड मेलं होतं. सांधा बदलावा लागणार होता. "नाही बदलला तर?" मी विचारलं. "तर कुबड्या सुटणार नाहीत," ते म्हणाले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते.

खर्चाचा कागद बाबांनी घडी घालून खिशात ठेवला. घरातलं जे होतं ते चौदा महिन्यांत संपलं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. दवाखान्यातल्या समाजसेविका बाईंनी शनिवार पेठेतल्या एका संस्थेचा पत्ता दिला. ती संस्था अशा ऑपरेशनला मदत करायची. अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड जोडायचं, मग त्यांचं माणूस घर बघून जाणार. मला यात अवघड काही दिसलं नाही.

बाबांना दिसलं. ते म्हणाले, "आपण फ्लॅट विकू."

इथे मला माझ्या आजोबांबद्दल सांगायला हवं. ते गावात दारोदार भाकरी मागायचे. भिकारी होते म्हणून नव्हे, ते आमच्या वाट्याचं गावकीचं काम होतं. गावाने सांगितलेली सगळी कामं दिवसभर करायची आणि संध्याकाळी मजुरी म्हणून प्रत्येक दारासमोर उभं राहून शिळे तुकडे टोपलीत घ्यायचे. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. त्या वर्षी घरात पोरं उपाशी झोपली, असं माझी आत्या सांगायची आणि सांगताना तिची मान ताठ असायची. बाबा त्या पोरांपैकी एक होते. अशा माणसाला मी म्हणत होते की मदतीसाठी अर्ज लिहा.

"फ्लॅट विकून राहायचं कुठे?" मी आवाज चढवला.

मग आई बोलली. आई इतकी वर्षं पुण्यात राहिली, पण तिची भाषा काही पुण्याला आली नाही. "पगार होता तवा तुमी दर महिन्याले विहारात वाटा देत होते," ती म्हणाली. "त्यातून लोकायच्या पोरायच्या फिया भरल्या, दवाखाने केले. तवा तुमी त्यायले भीक देत होते का?"

"भीक कशाला? समाजाचं ते समाजाला."

"मंग देनारा दाता आन घेनारा भिकारी, हे कोनत्या गावचं?"

जेवण झाल्यावर बाबांनी फुलस्केप कागद काढला, चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. अर्जात 'गरीब' हा शब्द कुठेही नव्हता. 'सध्या अडचण आहे' असं होतं, तेही एकदाच. मी तो वाचला आणि मला वाटलं, असा अर्ज कुणी नाकारूच शकत नाही.

पंधरा दिवसांनी संस्थेच्या तपासनीस बाई रविवारी येणार असं पत्र आलं. आईने शनिवारी घर जे काढलं ते पंख्याच्या पात्यांपर्यंत. लग्नात आलेली, कधीच न उलगडलेली चादर पलंगावर पडली. गॅलरीतल्या कुंड्यांना गेरू लागला. आणि आई शेजारच्या काकूंकडून स्टीलचा ट्रे, सहा पेले आणि सहा डिश घेऊन आली. आमचे पेले रोजच्या वापराने पोचे पडलेले होते, आणि सहा सारखे तर नव्हतेच. पाहुण्यांसमोर ते ठेवणं आईला शक्यच नव्हतं. रविवारी सकाळी तिने साजूक तुपातला शिरा केला. काजू कुठून आणले होते कोण जाणे. बाई आल्या, बसल्या, शिरा खाल्ला, घरात नजर फिरवली, "फार छान ठेवलंय हो घर," म्हणाल्या आणि गेल्या. आई दिवसभर खूश होती. आपण पाहुण्यांचं चांगलं केलं, म्हणजे आता त्याही आपलं चांगलं करतील, असा तिचा साधा हिशोब होता.

दहा दिवसांनी अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. कारण लिहिलं नव्हतं.

मी कुणाला न सांगता रिक्षा केली आणि शनिवार पेठेत गेले. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत, एक कुबडी वरच्या पायरीवर आणि एक खालच्या, अशी मी वर पोचले तेव्हा माझा ड्रेस घामाने भिजला होता. टेबलामागे सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. ते संस्थेचे कार्यवाह होते.

"इथे लिफ्ट नाही का?" मी विचारलं.

"असती तर आपण वापरली नसतीत का? बसा."

मी पत्र पुढे केलं आणि कारण विचारलं. त्यांनी शांतपणे फाइल काढली आणि तपासनीस बाईंचा अहवाल वाचून दाखवला. "'घर स्वतःचे. अतिशय नीटनेटके. शिऱ्यात काजू. भांड्यांचा उत्तम संच. कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक.'" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, आपल्याला मदत हवी होती की सत्कार?"

माझा ताबा सुटला. "तो संच शेजारचा आहे. आणि पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे असंच करतात. तुमच्याकडे कुणी आलं की तुम्ही काय घरातला केर दाखवता?"

"आमच्या बाई पाहुण्या नव्हत्या. तपासनीस होत्या."

"आमचा उंबरा ओलांडला की पाहुणाच."

"हे आपण म्हणताय. कागदावर काय आहे ते मी वाचलं."

"मग येऊन भांडी वाचा," मी म्हणाले. "प्रत्येकावर नाव घातलंय. एकही आमच्या नावाचं नाही."

त्यांनी एक पेन काढलं, फाइलवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "सावकाश उतरा. उतरताना जास्त पडतात माणसं."

रिक्षात बसल्यावर माझा राग त्यांच्यावरून उडाला आणि आईवर जाऊन बसला. तिथे तिची बाजू घेऊन भांडले होते आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी तिला म्हणाले, "माझा पाय तुझ्या काजूंनी खाल्ला." आई भाजी चिरत होती. ती चिरतच राहिली. मला आजही त्या वाक्याची लाज वाटते. पुढे आयुष्यात मी तिला वाईट बोलले नसेन असं नाही, पण एवढं वाईट नाही.

शेजारच्या काकूंना सगळं कळलंच. त्या कोल्हापूरकडच्या, मायाळू आणि युक्तीबाज. त्या म्हणाल्या, "आता परत कुणी येणार असलं की फ्रीज माझ्याकडं ढकला. पडदे काढा. पलंगावर फाटकी गोधडी टाका. वहिनी, तुम्ही ती विटकी साडी नेसा. काय बिघडलं? लेकीच्या पायासाठी करायचं."

मला ते पटलं. खरं सांगते, त्या क्षणी मला ते अगदी पटलं. मी आईकडे बघितलं.

"पोरीच्या पायासाठी मी कोनाच्याही पाया पडीन," आई म्हणाली. "पन घर मळवनार नाही. आमी साफ राहाले लागलो ते काही सायबाले दाखवाले नाही लागलो."

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "पडदे राहतील." या सगळ्या प्रकरणात त्यांनी स्वतःहून दिलेला आणि टिकलेला हा पहिला निर्णय होता. काकू "तुमच्यापुढं काय बोलायचं बाई," असं म्हणून हसत घरी गेल्या. मी मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आईबाबांचा अभिमान खरा होता, पण त्यासाठी जन्मभर लंगडणार होते मी, असं मला वाटत होतं.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, न कळवता कार्यवाह स्वतः दारात उभे राहिले. बाबा विजेचं बिल भरायला गेले होते. आई कपडे धूत होती. तिने ओल्या हातांनीच दार उघडलं, त्यांना खुर्ची दिली, मला उठून बसायची खूण केली आणि "दोन मिनटात आले जी," म्हणून बाहेर पडली. मला कळलं ती कुठे गेली ते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, आई नको. पण तोवर शेजारचं दार वाजलं होतं. ती परत आली तेव्हा पदराआडून ट्रेचा कोपरा दिसत होता आणि कार्यवाहांची खुर्ची नेमकी दाराकडे तोंड करून होती.

स्वयंपाकघरात शिरून ती ट्रेमध्ये पाण्याचा पेला घेऊन आली. कार्यवाहांनी पेला उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि काठावरचं नाव मोठ्याने वाचलं. ते काकूंच्या यजमानांचं नाव होतं. मग त्यांनी ट्रे हातात घेऊन वाचला. त्यावर काकूंच्या मामांनी गृहप्रवेशानिमित्त सप्रेम भेट दिल्याचं लिहिलं होतं, गावासकट. आईचा चेहरा पडला. चोरी पकडली गेल्यासारखी ती उभी राहिली.

"आपण म्हणाला होतात, वाचा," ते मला म्हणाले. "वाचलं." मग आईकडे वळून त्यांनी विचारलं, "आणि या घरच्या नावाचं काहीच नाही?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग ती कपाटाकडे गेली आणि वरच्या खणातून, बुद्धमूर्तीच्या शेजारून, एक पितळी पेला काढून आणला. तो मी जन्मापासून बघत आले होते, पण त्याची गोष्ट आईच्या तोंडून अशी सलग त्या दिवशीच ऐकली. दीक्षेनंतर आजोबांना कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं. पहिल्या मजुरीतून त्यांनी तो पेला घेतला आणि त्यावर नाव घालून घेतलं. गावात त्यांना कुणीच पूर्ण नावाने हाक मारत नसे, पाच वर्षांची पोरंसुद्धा अर्ध्या नावाने अरेतुरे करायची. पेल्यावर मात्र त्यांनी स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं पुरतं घातलं. त्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून नीट घातलंय ना, हे त्यांनी बाजारातल्या तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतलं होतं.

कार्यवाहांनी ते नाव हळू वाचलं, मोठ्याने नाही. "पाणी मिळेल?" त्यांनी विचारलं.

"यातून?" आई अडखळली. "यातून घेनार तुमी?"

"अहो, मगापासून तहान लागलीय. घरभर पेले फिरतायत, पाणी काही मिळत नाही."

आईने पेला घासला, भरून दिला, आणि ते घटाघट प्यायले. यात त्यांचा मी काही मोठेपणा मानत नाही. तहानलेला माणूस पाणी पितो. पण आईला तो प्रश्न विचारावा लागला आणि त्यांनी तो प्रश्न कळलाच नाही असं दाखवलं, याबद्दल मी त्यांना मानते.

मग त्यांनी मांडीवर फाइल ठेवून लिहिलं. "काय लिहिताय?" मी विचारलंच. "अहवाल गोपनीय असतो," ते म्हणाले, आणि उठताना फाइल माझ्यासमोर उघडीच धरून चष्मा पुसत उभे राहिले. तीन छोटी वाक्यं होती. 'घर स्वच्छ. भांडी शेजारची. मदत द्यावी.'

मदत मिळाली. जी थोडी कमी पडली ती विहारातल्या लोकांनी बाबांना न विचारता जमवली आणि बाबांनी ती घेतली. घेताना त्यांनी मान खाली घातली नाही, हे मी मुद्दाम बघितलं. ऑपरेशन झालं. या वेळी मी सतरा पावलं चौथ्या दिवशी मोजली, आणि आई म्हणाली, "आता परत ये." तीन महिन्यांनी मी कुबड्या दवाखान्यात दुसऱ्या कुणासाठी ठेवून आले. खराडीच्या नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी पेढे घेऊन शनिवार पेठेतला तो जिना चढले. कार्यवाह म्हणाले, "लिफ्ट अजून नाही. आपल्याला लागलेलीही दिसत नाही." पेढा मात्र त्यांनी दोनदा घेतला.

पहिल्या पगाराला मी आईला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेले. स्टीलचा ट्रे, सहा पेले, सहा डिश, काकूंच्यापेक्षा जाड. दुकानदाराने नाव घालायचं यंत्र हातात घेतलं आणि विचारलं, "कुणाचं घालू?" आई म्हणाली, "इच्या बाबाचं टाका." मी म्हणाले, आईचं. ती नको नको म्हणत होती, दुकानदार यंत्र धरून ताटकळत होता. मी आईचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि आमचं आडनाव, असं सगळं कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवलं. तेराही भांड्यांवर ते घालून होईपर्यंत आई तिथल्या स्टुलावर बसून प्रत्येक अक्षराकडे बघत होती. घरी आल्यावर तिने काठावरून बोट फिरवलं. मी तिची त्या काजूंच्या वाक्याबद्दल माफी मागितली. "कवाचं बोलून राह्यली तू?" ती म्हणाली. तिला आठवत नव्हतं, किंवा आठवत नसल्यासारखं तिने केलं.

तो संच आमच्या घरात फारसा टिकला नाही. कुणाकडे मुलगी बघायला येणार, कुणाच्या मुलाचे साहेब जेवायला येणार, की तो बाहेर पडायचा. आईला त्याचा कोण अभिमान. संध्याकाळी परत आला की ती भांडी मोजायची नाही, फक्त पुसून ठेवायची.

गेल्या वर्षी मागच्या गल्लीतली एक तरुण बाई आली. तिच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा संस्थेची माणसं घर बघायला येणार होती. तिचे हात गेरूने लाल झाले होते. तिने खालच्या मानेने ट्रे आणि पेले मागितले. मी पुढे होऊन तिला सावध करणार होते, आमचा सगळा अनुभव सांगणार होते. आईने मला हाताने थांबवलं. तिने सगळा संच पुसून दिला. बाई जिना उतरायला लागली तेव्हा आई दारातून म्हणाली, "पोरी, ट्रे पुढे करशीन तं नाव त्यायच्याकडे ठेवजो. वाचू दे त्यायले."